गच्चीवर उतरलं म्हणजे काम फत्ते?

चारकोपमध्ये २६/११च्या मुंबई हल्ल्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पहिल्याच रात्री हेलिकॉप्टरनं ताज हॉटेलच्या गच्चीवर कमांडो उतरवले असते, तर अर्ध्या तासात सगळं संपलं असतं." सिनेमांनी हे इतकं डोक्यात भरवलंय की समजावून सांगतानाही चिडायला होतं.

हेलिकॉप्टर वापरलं गेलं होतं, पण कुलाब्याच्या नरिमन हाऊसला. २८ नोव्हेंबर २००८च्या सकाळी हवाई दलाच्या मी-१७मधून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक (एनएसजी) दलाचे कमांडो दोरावरून गच्चीवर उतरले. उतरायला मिनिटं लागली, पण ती इमारत खोलीखोलीनं ताब्यात घ्यायला संध्याकाळ झाली. हवालदार गजेंद्रसिंग बिश्त तिथे शहीद झाले. दोन्ही अतिरेकी मारले गेले, तरी आत अडकलेले ओलीस वाचले नाहीत. हेलिकॉप्टर माणसांना दारापर्यंत पोचवतं. आतली लढाई पायीच लढावी लागते.

दारापर्यंत पोचणंही सोपं नसतं. मी-१७च्या पात्यांचा घेर एकवीस मीटरच्या आसपास. आपल्या सेक्टरमधल्या कुठल्याही सोसायटीची गच्ची आठवा: पाण्याच्या टाक्या, पत्र्याची शेड, डिश, लोंबत्या केबल. उतरायला जागाच नाही, म्हणून दोर. दोर सोडायचा तर हेलिकॉप्टरला हवेत एका जागी थांबावं लागतं. पुढे उडताना लागते त्यापेक्षा जास्त ताकद तेव्हा इंजिनाला लावावी लागते, आणि तेवढा वेळ ते बंदुकीसमोर उभं असतं. १९९३मध्ये मोगादिशूत खांद्यावरून डागलेल्या रॉकेटनी अमेरिकेची दोन ब्लॅक हॉक पाडली. ताजमध्ये तर आग होती, धूर होता, आणि शेकडो माणसं वेगवेगळ्या खोल्यांत लपलेली होती. गच्चीवरून आत शिरून ती अर्ध्या तासात कशी सोडवणार?

"कमांडो गुपचूप उतरतात." एवढ्या मोठ्या यंत्राचा आवाज लपत नाही. शिवाय नरिमन हाऊसवरचं उतरणं टीव्हीवर थेट दिसत होतं. अशा प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं हल्ल्यात जिवंत पकडलेला अतिरेकी कसाब याच्या खटल्याच्या २०१२मधल्या निकालात कडक ताशेरे ओढले आहेत.

"दिल्लीहून थेट हेलिकॉप्टरनंच यायचं." हवाई अंतर अकराशे किलोमीटरच्या वर आहे, वाटेत इंधन न भरता मी-१७ तेवढं जात नाही. म्हणून जवान आयएल-७६ विमानानं आले.

"मग हेलिकॉप्टरचा उपयोगच काय?" हाही गैरसमजच. डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेश युद्धात मेघना नदीवरचा पूल उद्ध्वस्त झालेला असताना लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी मी-४ हेलिकॉप्टरांनी सैनिक पलीकडे नेले. शत्रूच्या डोक्यावर न उतरता त्याला वळसा घालून उतरवल्यामुळे ढाक्याची वाट मोकळी झाली. गडचिरोलीच्या जंगलात चकमकीत जखमी झालेल्या जवानांना नागपूरच्या रुग्णालयात वेळेत पोचवतं तेही हेलिकॉप्टरच.

पहिल्या रात्रीबद्दल राग असेल, तर तो दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एनएसजीच्या तळापासूनच्या अंतरावर काढा. बराच उशीर तिथे झाला, आणि त्यावर उपाय म्हणून २००९मध्ये एनएसजीची तुकडी मुंबईतच ठेवण्यात आली.