ययाति : एक कथा, दोन लेखक

मूळ कथा : महाभारत, आदिपर्व. पत्नी देवयानीची दासी शर्मिष्ठा हिच्याशी असलेलं नातं उघड होताच देवयानीचे वडील शुक्राचार्य यांचा शाप, राजा ययातीला अकाली म्हातारपण. धाकटा मुलगा पुरू ते स्वतःवर घेतो.

कादंबरी : वि. स. खांडेकर, १९५९. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच सांगतात. साहित्य अकादमी पुरस्कार १९६०. खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४, मराठीतलं पहिलं.

नाटक : गिरीश कार्नाड, कन्नड, १९६१. पुरूची बायको चित्रलेखा ही त्यांची भर. नवरा अचानक जख्ख म्हातारा झालेला पाहून ती जीव देते.

ग्रीक जोडीदार : टिथोनस, तोही म्हातारपणात अडकलेला. पहाटेची देवी इऑस हिने आपल्या या प्रियकरासाठी अमरत्व मागितलं. तारुण्य मागायचं तेवढं राहून गेलं!