एमआयएसमधील संशोधनाचा पाया : प्रश्नावली करण्याआधी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सुरू झाला की दरवर्षी एक गोष्ट हमखास घडते. विषय मंजूर होतो, ‘अमुक संस्थेतील व्यवस्थापन माहिती प्रणालीचा अभ्यास’, आणि पुढच्याच आठवड्यात कोणीतरी गुगल फॉर्म घेऊन येतं. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय. “सर, शंभर प्रतिसाद आलेत!” मी विचारतो, “छान, पण हे प्रश्न कुठून आले?” तिथे गाडी अडते.

आजचा लेख या अडलेल्या गाडीसाठी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजे आपलं एमआयएस, हे शास्त्र म्हणून तसं तरुण आहे. ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे या विषयातलं प्रमुख नियतकालिक 1977 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून सुरू झालं. 1980 मध्ये या क्षेत्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा पीटर कीन यांनी जमलेल्या संशोधकांना अवघड प्रश्न विचारले. आपण कोणत्या जुन्या शास्त्रांच्या आधाराने उभे आहोत? आपण नेमकं काय मोजतोय? आणि एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम उभं राहतंय का, की प्रत्येकजण आपला वेगळाच खड्डा खणतोय? संगणक तर दर दोन वर्षांनी बदलतो. मग यंत्राबद्दल लिहिलेलं टिकणार कसं? टिकतं ते माणूस, संस्था आणि माहिती यांच्या नात्याबद्दलचं.

हे नातं म्हणजे काय, ते एका उदाहरणातून पाहू. लिन मार्कस या संशोधिकेने 1983 मध्ये एक लेख लिहिला. एका मोठ्या कंपनीत (तिला त्यांनी ‘गोल्डन ट्रँगल’ असं टोपणनाव दिलं) हिशेबाची नवी संगणकीय प्रणाली आली. मुख्यालयातल्या अकाउंटंटना ती आवडली. विभागांतल्या अकाउंटंटनी मात्र विरोध केला आणि जुन्या पद्धतीच्या नोंदी चालूच ठेवल्या. हे चित्र आपल्याला नवीन नाही. हजेरी ऑनलाईन भरायची आणि कपाटात कागदी हजेरीपटही ठेवायचा, हे आपण सगळेच करतो!

आता तुम्ही संशोधक आहात असं समजा. लोक प्रणाली का वापरत नाहीत, याचं तुमचं उत्तर काय?

पहिलं उत्तर : माणसंच तशी. त्यांना बदल नको असतो, संगणकाची भीती वाटते. दुसरं : प्रणालीतच खोट आहे. ती हळू चालते, स्क्रीन किचकट आहे, चुका होतात. बहुतेक प्रोजेक्ट या दोन उत्तरांपुढे जातच नाहीत.

मार्कस यांनी तिसरं उत्तर मांडलं. पूर्वी विभागाचे आकडे विभागाच्या ताब्यात असत. त्यातून काय सारांश काढायचा आणि वर काय पाठवायचं हे विभागाचा अकाउंटंट ठरवायचा. मुख्यालयाला हवं ते मागून घ्यावं लागे. नव्या प्रणालीत सगळे आकडे एकाच ठिकाणी जमा झाले आणि मुख्यालयाला विभागात डोकावायला कोणाची परवानगी लागेना. म्हणजे प्रणालीसोबत सत्ताही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. विरोध ना निव्वळ माणसाच्या स्वभावात होता, ना निव्वळ यंत्रात. तो या दोघांच्या भेटीत होता.

हे बघा, खरी मजा इथे आहे. ही तीन उत्तरं तपासता येतात. दोष माणसांच्या स्वभावात असेल, तर माणसं बदलल्यावर विरोध मावळायला हवा. दोष यंत्रात असेल, तर तेच यंत्र मुख्यालयालाही नकोसं व्हायला हवं आणि दुरुस्ती झाल्यावर तक्रार थांबायला हवी. सत्तेचा प्रश्न असेल, तर माणसं बदला की स्क्रीन सुधारा, आकड्यांचा ताबा ज्याचा गेला तो कुरकुरणारच. हाती असलेल्या हकिकतीशी तिसरं उत्तर सर्वांत नीट जुळतं, असं मार्कस यांनी दाखवलं.

आणि पुरावा? तोही प्रत्येक उत्तरासाठी वेगळा लागतो. पहिल्यासाठी प्रशिक्षण आणि अनुभव विचाराल, दुसऱ्यासाठी प्रणालीचा वेग आणि चुका मोजाल. तिसऱ्यासाठी आधी ही माहिती कोणाला दिसायची आणि आता कोणाला दिसते, हे शोधावं लागेल. मुलाखती घ्याव्या लागतील, जुनी पत्रं चाळावी लागतील. “तुमची सत्ता गेली म्हणून तुम्ही नाराज आहात का?” याला फॉर्मवर ‘पूर्ण सहमत’ कोण म्हणेल?

म्हणजे प्रश्नावली वाईट असते असं मुळीच नाही. फ्रेड डेव्हिस यांचा 1989 चा अभ्यास प्रश्नावलीवरच उभा आहे. त्यांनी दोनच गोष्टी धरल्या : प्रणाली उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपी वाटते का. प्रत्येकीसाठी 14 विधानांपासून सुरुवात करून, गाळत गाळत 6 ठेवली आणि एकूण 152 वापरकर्त्यांवर तपासली. वापराशी जास्त घट्ट संबंध उपयुक्ततेचा निघाला. काम होत असेल तर लोक थोडा त्रास सोसतात; काम होत नसेल तर सोपेपणा काय कामाचा! तुम्ही एका रात्रीत लिहिलेले 25 प्रश्न आणि गाळून उरलेली ही 12 विधानं, यांतला फरक लक्षात घ्या. ही विधानं श्रेय देऊन वापरता येतात, आणि वापरावीतच.

‘यशस्वी प्रणाली’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो. डेलोन आणि मॅक्लीन यांनी 1992 मध्ये यशाच्या सहा बाजू मांडल्या : प्रणालीचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचं समाधान, व्यक्तीवरचा परिणाम आणि संस्थेवरचा परिणाम. तुमच्या शीर्षकात ‘परिणामकारकता’ असेल, तर यातली कोणती बाजू ते आधी ठरवा. समाधान मोजून संस्थेचा फायदा झाला असं लिहू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

बीसीएवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्यातले बरेचजण प्रणाली स्वतः बनवतात. तेही संशोधन ठरू शकतं; हेव्हनर आणि सहकाऱ्यांचा 2004 चा लेख त्यासाठीच वाचा. फक्त नुसतं बनवून भागत नाही. बनवलेली वस्तू कोणता खरा प्रश्न सोडवते आणि ती चालते हे कशावरून, हे दाखवावं लागतं.

तेव्हा पुढच्या भेटीला येताना गुगल फॉर्म आणू नका. वहीत तीन ओळी लिहून आणा : मला कशाचं कोडं पडलंय, त्याची दोन वेगळी संभाव्य उत्तरं कोणती, आणि काय सापडलं तर त्यातलं एक उत्तर खोटं ठरेल. तिसरी ओळ सर्वांत जास्त वेळ घेते. ती जमली नाही तर तशीच कोरी आणा, आपण बसून पाहू.