समुपदेशकाचं ‘हँडिंग ओव्हर’

आजचा प्रश्न साधा आहे: समुपदेशकालाच अचानक काही झालं, तर त्याच्याकडे येणाऱ्या माणसांनी काय करायचं?

फौजेत चार्ज दिल्याशिवाय अधिकारी हलत नाही. सीओ जखमी झाला तर कमान कोण घेणार, हेही आधीच ठरलेलं असतं. त्यात कोणी अपशकुन मानत नाही. पण एकटाच खोली घेऊन बसणारा समुपदेशक आजारी पडला किंवा गेला, की दाराला कुलूप आणि फोन बंद.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा याची चुणूक सगळ्यांना मिळाली. त्याच दिवशी सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले, म्हणून फोनवर तरी उपचार चालू राहिले. पण फोन उचलणाराच नसेल तर?

दुसऱ्या डॉक्टरकडे जा, एवढं म्हणून भागत नाही. घरात न बोललेलं माणूस इथे बोललेला असतो. जवळचं कोणी गेलं म्हणून आलेल्याला हा दुसरा धक्का बसतो. मानसोपचारतज्ज्ञाकडची लिथियमसारखी गोळी एकदम थांबली, तर आजार उलटू शकतो.

डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता सांगते, की हाती घेतलेला रुग्ण पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडू नये. अपघात सूचना देऊन येत नाही, म्हणून तयारी आधीच हवी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या आचारसंहितेत ही तयारी स्पष्टपणे कर्तव्य म्हणून लिहिली आहे. आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचं आहे आणि कलम २५ रुग्णाला आपली कागदपत्रं मिळण्याचं. कपाट कोण उघडणार हे ठरलं नसेल, तर दोन्ही हक्क कागदावरच राहतात.

मग करायचं काय? एक, त्याच व्यवसायातले दोन विश्वासू सहकारी लेखी नेमावेत. बायको-मुलांवर हे काम टाकू नये. त्यांचं दुःख वेगळं, आणि त्या नोंदी वाचणं त्यांचं काम नाही. दोन, चालू रुग्णांची यादी, पासवर्ड आणि किल्ल्या कुठे आहेत ते सीलबंद लिहून ठेवावं. तीन, कोणाला आधी कळवायचं ते ठरवावं. जिवाचा धोका असलेला माणूस सर्वांत आधी. चार, ही व्यवस्था पहिल्याच भेटीत रुग्णाला सांगून त्याची संमती घ्यावी. पाच, वर्षातून एकदा कागद तपासावा.

आणि तुम्ही स्वतः उपचार घेत असाल, तर संकोच न करता विचारा: “मॅडम, तुम्हाला काही झालं तर मला कोण कळवेल?” चांगला समुपदेशक रागावणार नाही. प्रिस्क्रिप्शनची एक प्रत घरी ठेवा. अडचणीच्या वेळी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ड्यूटी आपल्यानंतरही चालू राहते. ती कोणाच्या हाती द्यायची, ते आपण असतानाच ठरवायचं. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.