महागडा सिंथ: आत्ता घ्यावा की थांबावं?

बोम्मसंद्र्यातल्या सिंथवेड्या मित्रांनो, मिनीमूग मॉडेल डी बघा. या सिंथचं उत्पादन १९८१मध्ये बंद झालं, तो २०१६मध्ये परतला, २०१७मध्ये पुन्हा बंद, २०२२मध्ये पुन्हा हजर! थांबणाऱ्यांचं फारसं बिघडलं नाही.

पण मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. शिकागोत ॲसिड हाउस हा संगीतप्रकार रुजायच्या आधी! ही यंत्रं तेव्हा नवीकोरी होती. थांबले असते, तर तो आवाज त्यांच्या हातून निघाला असता का?

म्हणून डोक्यात चाली तयार असतील तर घ्याच. नुसतीच हौस असेल तर आधी सॉफ्टवेअर सिंथवर हात बसवा. पिवळ्या मेट्रोने शहरातल्या दुकानात जाऊन सिंथच्या पट्ट्या स्वतः दाबून बघा, आणि दुरुस्ती भारतात होते का, ते पैसे भरण्याआधी विचारा.