कॅनडाचा अर्ज भरण्याआधी घरची पेटी उघडा

गेल्या काही वर्षांत समाजातील शिकलेल्या मुलामुलींचा ओढा कॅनडाकडे वाढला आहे. कोणी संगणक अभियंता, कोणी नर्स, कोणी हिशेबनीस. पी.आर. म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा व काम करण्याचा हक्क. हा शब्द आता विहारातल्या रविवारच्या बैठकीतही ऐकू येतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते शिकून परत येण्यासाठी, असे म्हणून आजच्या मुलांना टोमणे मारणाऱ्यांपैकी मी नाही. जावे की न जावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझे म्हणणे वेगळे आहे. वकील म्हणून माझ्या टेबलावर जे कागद येतात, त्यांवरून दिसते ते असे की, आपली मुले पात्रतेत फारशी कमी पडत नाहीत. ती घरच्या कागदात अडकतात. आणि कागद जुळत नाही म्हणून एजंट जो 'उपाय' सांगतो, त्या उपायाने खरा घात होतो.

पात्रतेचे आधी थोडक्यात सांगतो. कुशल कामगारांसाठीची 'एक्सप्रेस एन्ट्री' ही पद्धत जानेवारी २०१५ पासून सुरू आहे. इथून थेट अर्ज करणाऱ्याला गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग कुशल कामाचा अनुभव, भाषेची परीक्षा आणि पदवीचे मूल्यमापन लागते. शंभरपैकी सदुसष्ट गुण मिळाले की यादीत नाव जाते. पण यादीत जाणे म्हणजे निवड नव्हे. तिथे बाराशे गुणांपैकी क्रम लागतो आणि वरच्यांना बोलावणे येते. वयाचे पूर्ण गुण विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत; पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. म्हणजे कागद गोळा करण्यात तीन वर्षे गेली तर गुण आपोआप गळतात. अजूनही काही एजंट 'जॉब ऑफर घ्या, गुण वाढतील' म्हणून लाखो रुपये मागतात. हे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून कॅनडा सरकारने बंद केले आहेत, आणि अशा ऑफरींची खरेदी-विक्री होत होती हेच त्याचे कारण होते.

आता नावाचा प्रश्न. आपल्या आजोबांचे नाव गुरुजींनी जे लिहिले ते. कचरू, दगडू, धोंडू. १९५६ नंतर अनेक घरांनी जुनी नावे टाकली, आडनावे बदलली. थोरल्या भावाने गावावरून आडनाव घेतले, धाकट्याचे जुनेच राहिले. खुद्द बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 'भिवा' असे लागले आहे. हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, टोरांटोत बसलेल्या अधिकाऱ्याला ठाऊक नाही. त्याच्यापुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर बापाचे एक नाव, पासपोर्टवर दुसरे, बँकेत तिसरे, एवढेच येते. बायकांचे तर याहून अवघड. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि लग्नात पाळण्यातले नावही बदललेले! पदवीचे मूल्यमापन करणारी संस्था इथेच पहिला अडथळा घालते.

यावर उपाय आहे आणि तो कायदेशीर आहे. शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याने जुनी प्रमाणपत्रे आपोआप बदलत नाहीत, पण जुने नाव व नवे नाव एकाच माणसाचे असल्याचा दुवा तयार होतो. सोबत प्रतिज्ञापत्र आणि एका पानाचे साधे खुलाशाचे पत्र जोडावे: कोणाचे नाव, केव्हा, का बदलले. धर्मांतरानंतर कुटुंबाने आडनाव बदलले, हे लिहायला लाज कसली? उलट एजंट काय करतो? 'नवीन दाखला छापून देतो' म्हणतो. तो दाखला शाळेच्या रजिस्टरशी जुळत नाही, आणि चौकशी झाली की अर्जदार खोटा ठरतो.

त्या देशाच्या कायद्याचे कलम ४० प्रत्येकाने समजून घ्यावे. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली, तर पाच वर्षे बंदी. आधी ती दोन वर्षांची होती, २०१४ साली पाच झाली. 'मला माहीत नव्हते, एजंटने भरले' हा बचाव सहसा टिकत नाही, कारण सही अर्जदाराची असते. २०२३ साली कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची पाळी आली, ती एजंटांनी दिलेल्या कॉलेजांच्या बनावट प्रवेशपत्रांमुळे. त्यांतल्या अनेकांना आपले पत्र बनावट आहे याचा पत्ताच नव्हता. शेवटी सरकारला प्रत्येक प्रकरण तपासून खऱ्या विद्यार्थ्यांना वेगळे काढावे लागले. तोवर त्या मुलांनी काय भोगले असेल!

लग्नाचे कागद हा तर आपला सर्वांत दुबळा भाग. बौद्ध पद्धतीने विवाह झाला, संस्थेने छापील प्रमाणपत्र दिले, फोटो काढले, संपले. ते प्रमाणपत्र म्हणजे विवाह नोंदणी नव्हे. हिंदू विवाह कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे (नावावरून अनेकांना राग येतो, तो वेगळा विषय), आणि महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी होते. उशीर झाला असला तरी होते. ती आजच करून घ्या.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे सोडचिठ्ठी. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर चार पंचांच्या सह्या घेऊन 'फारकत' लिहिली आणि दुसरे लग्न लावले, अशी घरे कमी नाहीत. रूढीने चालत आलेला घटस्फोट कलम २९ ने राखला आहे हे खरे. पण ती रूढी सिद्ध करावी लागते, आणि ज्यांनी जुन्या रूढी सोडून दीक्षा घेतली त्यांनी त्याच रूढीचा आधार मागायचा, हे न्यायालयात किती अवघड जाते ते मी पाहिले आहे. पहिले लग्न कायद्याने मोडले नसेल तर दुसरे लग्न रद्दबातल. मग अर्जात जी पत्नी म्हणून दाखवली ती पत्नीच ठरत नाही. म्हणून अर्जाच्या आधी न्यायालयाचा हुकूमनामा हवा.

आणि पहिल्या लग्नाची मुले? 'ती आईकडे आहेत, कशाला दाखवायची?' असे विचारणारे बाप माझ्याकडे येतात. अर्जात अवलंबून असलेले प्रत्येक मूल दाखवावेच लागते, सोबत येणार नसले तरी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ज्या मुलाला दाखवले नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून बोलावण्याचा हक्क सर्वसाधारण नियमाने जातो. बापाने एका रकान्यात केलेली लपवाछपवी त्या पोराला आयुष्यभर भोवते. मुलांसाठी आईबापांच्या नावासह जन्मदाखला लागतो, आणि आपल्याकडे कित्येक नोंदींत मुलाचे नावच घातलेले नसते. वर्ष उलटल्यावर नवी नोंद करायची तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दोन दिवसांत दाखला आणून देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

नोकरीच्या पत्राबाबत एवढेच सांगतो की, 'अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' या एका ओळीने भागत नाही. हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काम, हे सर्व लेटरहेडवर लागते. मालक देत नसेल तर नेमणुकीचा आदेश, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडून खुलासा करता येतो. मुक्त विद्यापीठाची पदवी 'चालत नाही' असे सांगून घाबरवतात. ते ठरवणे एजंटचे काम नाही, मूल्यमापन संस्थेचे आहे. खात्यातील पैसा मात्र उसना चालत नाही आणि घर-जमिनीची किंमत धरली जात नाही. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांच्याकडे सातबाराच नव्हता त्यांना हा नियम जाचतो, पण तो आहे.

शेवटी चळवळीतल्या मुलांसाठी. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. 'सरकारने मागे घेतले' असे पेपरात वाचून ते निर्धास्त आहेत. शासनाचा निर्णय हा पहिला टप्पा. सरकारी वकिलाने न्यायालयाची संमती घ्यावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा: शिक्षेबद्दल विचारले आहे की अटकेबद्दलही, हे बघा आणि खरे लिहा. आखाती देशात सलग सहा महिने राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो. मराठी कागदाचे भाषांतर स्वतः किंवा घरच्याने केलेले चालत नाही, मग तो घरचा वकील का असेना.

मी स्वतः इथला वकील आहे. तिथला अर्ज पैसे घेऊन भरण्याचा अधिकार मला नाही. तो तिथल्या परवानाधारक वकिलाला किंवा २०२१ पासून कामकाज करणाऱ्या तिथल्या सल्लागार महाविद्यालयाच्या सभासदाला आहे, आणि त्यांची यादी कोणालाही पाहता येते. कोणीही न नेमता स्वतः अर्ज भरता येतो. माझे काम इथले कागद नीट करून देण्याचे.

परवा एका मुलाने विचारले, 'सर, कोणकोणत्या संघटनांत होता, असा रकाना आहे. समता सैनिक दल लिहू का?' मी म्हटले, 'लिही. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, तेही लिही.'