विश्लेषण : बॉयलरचा काटा पुन्हा पुन्हा शून्यावर का येतो? पाणी भरत राहण्याआधी हे तपासा

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली, की नोकरी-शिक्षणासाठी तिथे गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांची गाठ पडते ती स्वयंपाकघरातल्या जुन्या बॉयलरशी. सकाळी रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि दाबाचा काटा शून्याजवळ. घरमालक फोनवर सांगतो, ‘खालचा व्हॉल्व्ह उघडा, पाणी भरा.’ पाणी भरले की बॉयलर सुरू होतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. हा उपाय आहे की दुखणे लपवणे?

दाब किती असावा?

बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांचे मिळून एक बंद वर्तुळ असते. त्यात तेच पाणी फिरत राहते. यंत्रणा गार असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. गरम झाल्यावर तो २ बारच्या आसपास जाणे स्वाभाविक आहे. दाब फारच कमी झाला, बहुतेकदा ०.५ बारच्या खाली गेला, की बॉयलर स्वतःहून बंद होतो. उलट तो ३ बारवर गेला, तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि तांब्याच्या नळीतून पाणी घराबाहेर सोडतो. प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे काम इथे तो करतो.

दाब वाढतो आणि घसरतोही, हे कसे?

जुन्या बॉयलरमधील नेहमीचे दुखणे म्हणजे विस्तार टाकी (एक्स्पान्शन व्हेसल). १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान दोन लिटरहून थोडे अधिक वाढते. बंद यंत्रणेत या जादा पाण्याला जागा हवी. ती या टाकीत मिळते. टाकीत रबरी पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगले की हवा दाबली जाते.

सायकलच्या ट्यूबप्रमाणे ही हवा वर्षानुवर्षे हळूहळू कमी होते किंवा पडदाच फाटतो. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. हीटिंग लावताच काटा ३ बारकडे धावतो, सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो आणि यंत्रणा गार झाल्यावर काटा शून्यावर येतो. रात्री जास्त आणि सकाळी शून्य, ही दोन्ही लक्षणे एकाच बिघाडाची असतात.

काट्यावरून निदान कसे करावे?

- गरम असताना काटा ३ जवळ, गार झाल्यावर शून्य : विस्तार टाकीचा संशय. बाहेरच्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधावी. तीत पाणी साचले, तर सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी जात आहे.
- हीटिंग बंद असूनही दाब चढतो : पाणी भरण्याचा व्हॉल्व्ह नीट बंद नाही किंवा आतल्या हीट एक्स्चेंजरला छिद्र पडून नळाचे पाणी आत येते आहे.
- दाब दिवसेंदिवस हळूहळू उतरतो : कुठेतरी गळती. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कागद ठेवून ठिबक तपासावी.
- रेडिएटरमधली हवा काढल्यावर एकदाच घसरतो : हा बिघाड नाही. पाणी भरले की पुरे.

पाणी भरत राहिले तर काय बिघडते?

जुन्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. प्रत्येक वेळी नवे पाणी आले, की ताजा ऑक्सिजन येतो आणि रेडिएटर आतून गंजतात. गंजाचा काळा गाळ पंप आणि हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतो. पाणी जड असलेल्या भागात क्षारांचे थर चढतात, ते वेगळेच. वर्षातून एखाद-दोनदा पाणी भरणे चालते. दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर दुरुस्तीच हवी. भरताना बॉयलर बंद आणि गार असावा. व्हॉल्व्ह हळू उघडावा, काटा १.२ च्या आसपास आला की घट्ट बंद करावा.

दुरुस्ती कोणी करायची?

बॉयलरचे आवरण स्वतः उघडू नये. अनेक मॉडेलमध्ये ते ज्वलनकक्ष हवाबंद ठेवते; ते नीट बसले नाही, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. गॅसचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते. त्याचे ओळखपत्र पाहण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दाब कमी होणे म्हणजे गॅसगळती नव्हे. मात्र गॅसचा वास आल्यास ०८०० १११ ९९९ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

भाडेकरूचा हक्क काय?

इंग्लंडमध्ये ‘लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट, १९८५’च्या कलम ११ नुसार, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे फोनवर बोलून थांबू नये. सकाळी गार आणि रात्री गरम असतानाच्या काट्याचे फोटो तारखेसह आठवडाभर काढावेत आणि ईमेलने पाठवावेत. तक्रारीचा पुरावा राहतो आणि येणाऱ्या तंत्रज्ञाला निम्मे निदान आयते मिळते.