हात रिकामा, डोकं भरलेलं

घरात पैशाची ओढाताण असली की चित्त थाऱ्यावर राहत नाही. दूध उतू जातं, पोरांवर उगाच खेकसलं जातं. मग आपण स्वतःलाच म्हणतो, "मला अक्कलच नाही." पण तसं नसतं.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना संशोधकांनी कोडी सोडवायला दिली. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना. आणि पुन्हा उसाचे पैसे आल्यावर. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणसं तीच, पण तोडणीआधी कोडी जास्त चुकली. संशोधकांचं म्हणणं, पैशाच्या काळजीनंच डोकं अडवून ठेवलं होतं.

आमच्या गटातल्या एका ताईंनी अशाच तंगीत कागद न वाचता बाहेरच्या कर्जावर सही केली. हप्ता दर आठवड्याला आहे, हे नंतर कळलं. लाजेनं त्या दोन महिने बैठकीलाच आल्या नाहीत.

तेव्हापासून आम्ही ठरवलंय: कर्जाचा कागद बैठकीत मोठ्यानं वाचायचा, सही दुसऱ्या दिवशी करायची. अडचण सांगितल्यानं लगेच पैसे येत नाहीत. पण डोकं मोकळं होतं, आणि विचार करायला चारजणी सोबत असतात.